घरी वाचायचा धडा

(स्नेहमेळाव्यातील ‘आम्ही काय शिकलो’ या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळपासून आपल्यापैकी एकाने ठिबक सिंचनावर सांगितलं, एकीने बँकेतल्या फसवणुकींवर सांगितलं, आणि मागच्या बाकावरचा आपला सभ्य गृहस्थ (जो आता खरंच सभ्य झालाय) घाटातल्या ट्रक वाहतुकीबद्दल बोलला. संयोजकांनी मला विचारलं, ‘तू काय सांगणार? एआय सांग, सगळ्यांना ऐकायचंय.’ मी वीस-बावीस वर्षं संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यात घालवली आहेत, त्यामुळे त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. पण मी म्हटलं, मला स्त्रीबीजाबद्दल बोलायचंय. पलीकडे फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘म्हणजे... शेतीचं का?’

नाही, शेतीचं नाही. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा होता. प्रजनन. तुम्हाला आठवत असेल, तो धडा आपल्याला कुणी शिकवला नाही. ‘हा घरी वाचा, परीक्षेला एक-दोन मार्कांचंच येतं,’ असं सांगून आपण पुढच्या धड्यावर गेलो होतो. मुलं खाली मान घालून हसली, आम्ही मुलींनी वहीत उगाच समास आखले. घरी कुणीही वाचला नाही. मी तर त्या पानांना खाकी कव्हरचा उरलेला कागद लावून टाकला होता, आजोबांच्या हाती पुस्तक पडलं तर काय, म्हणून. तो धडा मी वाचला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. आज त्याच धड्याच्या एका छोट्या तुकड्याबद्दल मी बोलणार आहे.

आधी तो वाचायची वेळ का आली ते सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही, हे कळायलाच मला बरीच वर्षं लागली.

लग्नानंतर सहा-सात वर्षं आम्हाला मूल झालं नाही. मग जे सगळे करतात ते आम्ही केलं: आधी घरचे उपाय, मग बाहेरचे उपाय, आणि शेवटी टेस्ट ट्यूब बेबीचं केंद्र. शहराचं आणि केंद्राचं नाव सांगत नाही. इंजेक्शनं झाली, भुलीखाली स्त्रीबीजं काढली, प्रयोगशाळेत फलन झालं. पहिल्या दिवशी फोन आला, ‘सहा छान फलित झालीत.’ दुसऱ्या दिवशी फोन, ‘छान विभागतायत, चार पेशी झाल्या.’ तिसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, फोन घेऊन जिन्यात आले. बाई म्हणाल्या, ‘मॅडम, सगळे थांबलेत.’

मी विचारलं, थांबलेत म्हणजे? त्या म्हणाल्या, ‘पुढे वाढत नाहीयेत. बीजाची क्वालिटी.’

असं आमच्या बाबतीत दोनदा झालं. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी.

‘बीजाची क्वालिटी’ हे दोन शब्द मी पुढची दोन वर्षं बरोबर घेऊन फिरले. नातेवाइकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. रात्री अकरापर्यंत लॅपटॉप मांडीवर ठेवून बसते, अमेरिकेच्या वेळेवर कॉल घेते, लग्न उशिरा केलं, इंजिनिअर व्हायचं होतं ना. कुणी तोंडावर बोललं, कुणी माझ्यामागे. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मीच मला बोलले. माझ्यातच काहीतरी खराब माल भरला आहे, असं वाटायचं.

पण माझा धंदा चुका शोधण्याचा आहे. कुठलीही यंत्रणा दर वेळी एकाच ठिकाणी बंद पडत असेल, तर आम्ही पहिला प्रश्न विचारतो: त्या ठिकाणी बदलतं काय? मला प्रश्न पडला, तिसराच दिवस का? त्याचं उत्तर शोधता शोधता मी अंडपेशीच्या आत जाऊन पोहोचले, आणि तिथे जे दिसलं ते इतकं अजब होतं, की माझं दुःख थोडा वेळ बाजूलाच राहिलं. तेच मला तुम्हाला दाखवायचंय.

दहावीची उजळणी दोन वाक्यांत करते. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो, तो मूळ ग्रंथ. त्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल निघते, ती आरएनए. ती नक्कल बाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिनं बनतात. कामं सगळी प्रथिनं करतात. साध्या पेशीत हे अखंड चालू असतं: पान उघडलं, नक्कल काढली, वापरली, फेकली.

स्त्रीबीजात हे बंद असतं. पूर्ण वाढलेल्या स्त्रीबीजात डीएनएच्या नकला काढायचं काम थांबलेलं असतं. आमच्याकडे दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत ‘कोड फ्रीझ’ असतो, म्हणजे सर्व्हरवर नवीन काहीही चढवायचं नाही. जे आधी चढवलंय त्याच्यावर दिवस काढायचे. स्त्रीबीजाचं तसंच. आणि गंमत म्हणजे याच काळात त्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम करायचं असतं: जागं व्हायचं, अर्धी गुणसूत्रं बाहेर टाकायची, शुक्रजंतूला आत घ्यायचं, एकाच्या दोन पेशी करायच्या, दोनाच्या चार. बाळाचे स्वतःचे जनुक कामाला लागतात ते माणसात चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर. १९८८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ते दाखवलं. हा टप्पा येतो तिसऱ्या दिवशी.

तो वाचला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. तिसरा दिवस म्हणजे घर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाण्याचा दिवस. तोपर्यंत सगळं आईच्या जिवावर चाललेलं असतं. आणि आई म्हणजे काय, तर ती एक पेशी आणि तिने आधीच साठवून ठेवलेलं सामान.

या साठवणीला इंग्रजीत नाव मोठं आहे, पण आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: बेगमी. माझी आजी चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे करायची, डाळी उन्हं दाखवून डब्यात भरायची, कारण पावसाळ्याचे चार महिने काही वाळवता येणार नाही. स्त्रीबीजही वाढीच्या काळात हजारो प्रकारच्या आरएनए नकला काढून ठेवतं आणि मग नकला काढायचं यंत्रच बंद करतं. पुढचा पावसाळा त्या बेगमीवर.

हे माणसांना कळलं ते समुद्रातल्या काटेरी प्राण्यामुळे, सी अर्चिनमुळे. १९३६ साली एथेल ब्राऊन हार्वी नावाच्या अमेरिकन बाईंनी सी अर्चिनची अंडी जोरात फिरवून त्यांचे दोन तुकडे केले. एका तुकड्यात केंद्रक, दुसऱ्यात नाही. केंद्रक नसलेल्या तुकड्याला खारट पाण्याने डिवचलं, तर तोही विभागायला लागला. मूळ ग्रंथ घरात नाही आणि स्वयंपाक चालू! पुढे १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी औषध देऊन फलित अंड्यातलं नवीन आरएनए बनणं बंद पाडलं, तरी अंडं प्रथिनं बनवत राहिलं आणि विभागत राहिलं. म्हणजे नकला आधीपासून आत होत्या, झाकून ठेवलेल्या. हव्या त्या वेळी झाकण उघडत होतं.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. माल भरणं सोपं आहे. प्रश्न हा, की हजारो बरण्यांपैकी आज कुठली उघडायची, उद्या कुठली, आणि परवापर्यंत कुठलीला हात लावायचा नाही, हे कोण ठरवतं? सगळ्या एकदम उघडल्या तर घोटाळा. वेळेवर नाही उघडल्या तरी घोटाळा.

याचं उत्तर दिलं बेडकाने.

आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटावर बरणीतला बेडूक आठवतो का? पांढुरका झालेला, एक पाय काचेला टेकलेला. त्याच्यासमोर बसून आपण लिटमस कागद बुडवायचो. तो साधा आपल्या विहिरीतला बेडूक. मी सांगतेय तो दक्षिण आफ्रिकेतला, नखं असलेला, झेनोपस. जगभरच्या प्रयोगशाळांत तो पोहोचला त्याला एक मजेशीर कारण आहे. १९३०च्या दशकात बाईला दिवस गेलेत का हे ओळखायला या बेडकाचा उपयोग करत. लान्सलॉट हॉगबेन नावाचे प्राणिशास्त्रज्ञ केप टाऊनला होते, त्यांच्या कामातून ही चाचणी निघाली. बाईच्या लघवीचा अंश मादी बेडकाला टोचायचा. गर्भ असला तर त्यातल्या संप्रेरकामुळे बेडकी साधारण एका दिवसात अंडी घालायची. म्हणजे आपल्या आज्यांच्या काळात परदेशातल्या कितीतरी बायकांना गोड बातमी एका बेडकीने सांगितली आहे.

या बेडकीची अंडी मिलिमीटरभर मोठी असतात, नुसत्या डोळ्यांना दिसतात. अर्धं काळपट, अर्धं पिवळट. ती अंडी बशीत ठेवून वर प्रोजेस्टेरॉन टाकलं, की काही तासांत झोपलेलं अंडं जागं होतं, आणि त्याच्या काळ्या भागावर एक पांढरा ठिपका उमटतो. डोळ्यांना दिसणारा प्रयोग. या अंड्यांवर काम करताना जोएल रिक्टर आणि लॉरा हेक यांनी १९९४ साली एक प्रथिन ओळखलं. त्याचं नाव सीपीईबी. १९९४ साली आपण इथे आठवी-नववीत होतो आणि तो धडा वगळत होतो.

आता नीट ऐका, कारण इथेच खरी मजा आहे. आरएनए म्हणजे चार अक्षरांची लांब माळ: ए, यू, जी, सी. माळेच्या मधल्या भागात प्रथिनाची कृती लिहिलेली असते. पण कृती संपल्यावरही माळ संपत नाही. पुढे एक शेपटी असते आणि तिच्या टोकाला नुसती ए-ए-ए-ए अशी रांग. मी आधी समजत होते की हा भाग फालतू असेल. तो फालतू नाही. ती बरणीवरची चिठ्ठी आहे.

ज्या नकला झाकून ठेवायच्या त्यांच्या चिठ्ठीवर एक छोटा शब्द असतो: यू-यू-यू-यू-ए-यू. सीपीईबी हे प्रथिन हजारो माळांमधून हा शब्द बरोबर हुडकतं आणि त्यावर बसतं. त्याला आरएनए पकडायचे दोन पंजे असतात. झुरिचमधल्या संशोधकांनी २०१४ साली त्याची रचना दाखवली. दोन पंजे एरवी उघडे असतात, आणि नेमका शब्द आत आला की मिटतात, माशी पकडणाऱ्या वनस्पतीच्या पानासारखे. चुकीचा शब्द आला तर पकड बसत नाही.

बसल्यावर ते करतं काय? ते आपल्याबरोबर दोन कारागीर घेऊन बसतं. एक कारागीर टोकाची ए-ए-ए रांग वाढवतो, दुसरा ती कापतो. झोपेच्या काळात कापणारा वरचढ असतो. रांग आखूड राहते, २० ते ४० अक्षरांची, आणि आखूड रांगेच्या नकलेवरून प्रथिन जवळजवळ बनत नाही. झाकण लागलेलं. मग प्रोजेस्टेरॉनचा निरोप येतो. त्या निरोपाने सीपीईबीवर फॉस्फेटचा एक छोटासा गट चिकटतो. तेवढ्याने कापणारा कारागीर उठून जातो. वाढवणारा तिथेच असतोच. रांग वाढत वाढत शंभराच्या पुढे जाते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनायला लागतं. झाकण उघडलं!

मी हे वाचून थक्क झाले, कारण झाकण लावणारा आणि उघडणारा एकच आहे. नवीन कुणी यावं लागत नाही. आमच्याकडे नवी सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून ठेवतात आणि बंद ठेवतात. ठरल्या दिवशी फक्त एक खूण ‘हो’ करायची. स्त्रीबीज हे कितीतरी आधीपासून करत आलंय.

पुढे असंही कळलं, की शब्द किती वेळा आला आणि कुठे आला यालाही अर्थ आहे. चिठ्ठीवर तो शब्द एकदा असेल तर एक वागणूक, जवळजवळ दोनदा असेल तर झाकण आणखी घट्ट. काही बरण्या जाग येताच उघडतात, काही काही तासांनी. पहिल्या बरणीतलं प्रथिन दुसरी उघडायला मदत करतं. म्हणजे नुसती यादी नाही, वेळापत्रक आहे, आणि ते त्या चिठ्ठ्यांवरच लिहिलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, प्रथिनाला अक्षर ‘वाचता’ येतं म्हणजे काय? त्याला कुठे डोळे आहेत? हा प्रश्न मलाही सुटत नव्हता. त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला दुसऱ्या एका प्रथिनात सापडलं. त्याचं नाव प्युमिलिओ.

प्युमिलिओ सापडलं फळमाशीत, तीच चिलटं, जी आपल्या पिकलेल्या केळ्यांवर बसतात. या माशीच्या अंड्यात पुढे डोकं कुठे आणि मागे पोट कुठे हे आईने साठवलेल्या आरएनएवरून ठरतं. या सगळ्या कामाचा पाया घातलेल्या क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांना १९९५चं नोबेल विभागून मिळालं. अंड्याच्या मागच्या टोकाला हंचबॅक नावाच्या जनुकाची नकल गप्प ठेवावी लागते, नाहीतर पोट तयारच होत नाही. तिला गप्प करतात प्युमिलिओ आणि त्याचा जोडीदार नॅनॉस. ज्या माशीत यातला एक बिघडतो तिच्या अळ्या पोटाविना, बुटक्या निपजतात. म्हणून नावं अशी: प्युमिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये बुटका आणि नॅनॉस म्हणजे ग्रीकमध्ये बुटका.

२००२ साली अमेरिकेत ट्रेसी हॉल यांच्या गटाने माणसातल्या प्युमिलिओची, आरएनए धरलेल्या अवस्थेतली रचना दाखवली. ते चित्र मी आजही माझ्या टेबलासमोर लावलंय. प्रथिनाचा आकार चंद्रकोरीसारखा. चंद्रकोरीत एकाशेजारी एक आठ सारख्या कड्या. आतल्या बाजूने आरएनएची माळ टेकलेली. आणि एक कडी, एक अक्षर! प्रत्येक कडीतली तीन अमिनो आम्लं पुढे येतात. दोघं अक्षराची कड पकडून बघतात, आणि तिसरं त्याच्या अंगाला चपटं टेकून आधार देतं. कड पकडणारी जोडी एका प्रकारची असली की ‘यू’ बसतो, दुसऱ्या प्रकारची असली की ‘ए’, तिसरी असली की ‘जी’. म्हणजे डोळे नाहीत, हात आहेत. अंधारात आजी चाव्यांच्या जुडग्यातली देवघराची चावी बोटांनी ओळखायची, तसं.

त्याचा शब्द आहे यू-जी-यू-ए, मग कुठलंही एक अक्षर, मग ए-यू-ए. ‘कुठलंही एक अक्षर’! मी रोज संगणकाला शोध लावायला सांगते तेव्हा अगदी असंच लिहिते, त्या जागी एक टिंब देते. ते टिंब एका प्रथिनात पाहून मला फार आनंद झाला, हे फक्त इथल्या दोन-तीन सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल. बाकीच्यांनी माफ करा. आणि हो, हे कळल्यावर माणसांनी त्या कड्या बदलून पाहिल्या, तर प्रथिन खरंच नवा शब्द वाचायला लागलं.

पण एक गोष्ट उरते. प्युमिलिओ तर अंड्यात सगळीकडे पसरलेलं असतं. मग हंचबॅक फक्त मागच्या टोकालाच का गप्प होतं? कारण नॅनॉस फक्त मागे असतं. हंचबॅकच्या चिठ्ठीवरचा शब्द प्युमिलिओच्या एकट्याच्या हाताला घट्ट बसत नाही. नॅनॉस आलं की ते शेजारची काही अक्षरं धरतं आणि दोघं मिळून चिमट्यासारखी पकड घेतात. २०१६ साली ही पकड दिसली. दोघं असतील तरच. एकट्याचं काम नाही.

आता माणसाकडे परत येते. माणसाचं स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. त्याचा जन्म होतो आपण आईच्या पोटात असताना. पाचव्या महिन्यात मुलीच्या गर्भात अशी ६० ते ७० लाख असतात. जन्माला येईपर्यंत १० ते २० लाख. वयात येईपर्यंत ३-४ लाख. त्यातली चारशे-पाचशेच आयुष्यभरात बाहेर पडतात. म्हणजे मी ज्या बीजातून आले ते माझी आई माझ्या आजीच्या पोटात असताना तयार झालं होतं. बेगमी मात्र नंतर भरली जाते, बाहेर पडण्याआधीच्या काही महिन्यांत.

२०२२ साली जर्मनीत मेलिना शूह यांच्या गटाने सस्तन प्राण्यांच्या स्त्रीबीजात ही बेगमी कुठे ठेवलेली असते ते दाखवलं. मायटोकाँड्रियांच्या भोवती, आरएनए आणि प्रथिनांचे पुंजके. ते पुंजके बांधून ठेवणारं एक प्रथिन आहे, झार-१. या प्रथिनाची ओळख आधीच, २००३ साली, उंदरांमधून झाली होती. ज्या उंदरीत हे प्रथिन नसतं ती दिसायला धडधाकट असते. खाते, पिते, खेळते. तिची बीजं तयार होतात, फलितही होतात. पण गर्भ पहिल्याच टप्प्यावर थांबतात.

त्या उंदरीबद्दल वाचलं त्या रात्री मी खूप रडले. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला नव्हता. तिने अमेरिकेचे कॉल घेतले नव्हते. तिचं लग्न उशिरा झालं नव्हतं.

गैरसमज नको. माझ्यात झार-१ बिघडलं होतं असं मी म्हणत नाही. गर्भ थांबायला पुष्कळ कारणं असतात. वयाबरोबर बीजातली गुणसूत्रं नीट वाटली जात नाहीत हे त्यातलं मोठं कारण, आणि वय वाढतं ही गोष्टही खरी. माझ्या बाबतीत नेमकं काय झालं ते कुणी तपासलं नाही, आणि आता तपासताही येणार नाही. पण मला उत्तर मिळालं ते वेगळ्या प्रश्नाचं. हजारो बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठी वाचणारे हात, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक, आणि हे सगळं धुळीच्या कणाएवढ्या जागेत, मूळ ग्रंथ बंद ठेवून. यातलं काही एक चुकलं म्हणून थांबणं हे आश्चर्य नाही. आपण इथे दोनशे जण बसलोय, आपल्या प्रत्येकाचं सगळं त्या तीन दिवसांत बरोबर उघडलं, हे आश्चर्य आहे.

‘बीजाची क्वालिटी’ म्हणणाऱ्या बाईंवर माझा राग नाही. त्यांना त्या दिवशी असे दहा फोन करायचे असतील. पण मला त्या वेळी कुणीतरी पाच मिनिटं हे सांगायला हवं होतं. आणि माझ्या सासूबाईंना, माझ्या आईला, आमच्या भावकीतल्या बायकांना त्यांच्या वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी सांगायला हवं होतं. पुरुषांनाही. माझ्या नवऱ्याने माझ्याबरोबर बसून हे सगळं वाचलं. तो वाणिज्य शाखेचा. तो मला म्हणाला, ‘म्हणजे इतके दिवस आपण ज्याला दोष म्हणत होतो, तो हिशेब आपल्या हातातच नव्हता.’ त्या दिवसानंतर आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. आम्ही तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. आम्ही दोघंच आहोत, आणि बरे आहोत.

आता शेवटचं. गेल्या वर्षी माझी भाची दहावीत होती. तिचा अभ्यास घेताना मी विचारलं, हा धडा झाला का? ती म्हणाली, ‘मॅडम म्हणाल्या, घरी वाचा.’ तीस वर्षांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या शाळेत. मग मी आणि ती जमिनीवर बसलो आणि मी तिला गव्हाचे दाणे आणि चिठ्ठ्या मांडून हे सगळं सांगितलं. तिने एक प्रश्न विचारला: ‘आत्या, पण मग पहिली चिठ्ठी वाचणारं प्रथिन कुणी ठेवलं?’ मी म्हटलं, तेही आईनेच ठेवलं, बेगमीत. बघा, शिकवलं की मुलं हसत बसत नाहीत. प्रश्न विचारतात.

हे भाषण करायचं ठरलं तेव्हा मी आपल्या बाईंना फोन केला. म्हटलं, बाई, मी तुमच्यासमोर त्या धड्याबद्दल बोलणार आहे, तुम्हाला वाईट वाटेल का? बाई जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मुलं हसायची गं, आणि एकदा वर्ग हसायला लागला की मला आवरायचा नाही. आणि खरं सांगू का? मलाही तो कुणी शिकवला नव्हता.’ मग म्हणाल्या, ‘तू सांग. मी पहिल्या रांगेत बसेन.’ बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, बेडकाच्या बरणीची धूळ तुम्ही दर शनिवारी आम्हाला पुसायला लावायचा, त्यातूनच मी इथवर आले.

माझी समितीला एक विनंती आहे. आपण निधी जमवतोय त्यातून भिंतीवरचा मोठा पडदा घ्यायचं चाललंय. जरूर घ्या. पण त्यातून दोन चांगले सूक्ष्मदर्शक घ्या. आणि शाळेला सांगा, नववी-दहावीच्या मुलामुलींना एकत्र बसवून हा धडा वर्गात शिकवा. ज्या शिक्षकांना अवघड वाटेल त्यांच्यासाठी मी वर्षातून दोनदा स्वतःच्या खर्चाने येईन. पुण्याहून सकाळची एस.टी. अजून आहे, मी चौकशी केली आहे. आपल्यातल्या दोघी डॉक्टर आहेत, त्यांनीही हात वर करावा. मगाशी एकीने केला, धन्यवाद.

आणि इथल्या कुणाच्या लेकीला, सुनेला, बहिणीला कधी तिसऱ्या दिवशीचा तो फोन आला, तर तिला माझा नंबर द्या. मी तिला बेगमीची गोष्ट सांगेन. मूल मी देऊ शकत नाही. पण ती जिन्यात एकटी उभी राहणार नाही, एवढं नक्की करू शकते.